नेपोलियन : जिंकलेल्या बेटावरचा मुलगा



आजचा विषय नेपोलियन बोनापार्ट. नाव सगळ्यांच्या परिचयाचं आहे. बुटका होता, ‘अशक्य’ हा शब्द त्याच्या कोशात नव्हता, वॉटर्लूला हरला, एवढं तर आपण शाळेतच ऐकलेलं असतं. म्हणून आज लढाया थोड्या बाजूला ठेवू आणि त्याच्या आयुष्यातल्या काही कमी परिचित गोष्टी पाहू. त्या गमतीच्या आहेत खऱ्या, पण ओळीने मांडल्या की त्यांतून एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याने पारतंत्र्य पाहिलं, त्याला स्वातंत्र्याची किंमत आपोआप कळते का? आणि कळली, तरी ती दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची कळते का?

आधी उंचीचं उरकून घेऊ. मृत्यूनंतर त्याची उंची मोजली गेली ती ५ फूट २ इंच, पण फ्रेंच मापात. तेव्हाचा फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा होता. आजच्या हिशेबाने ही उंची सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट भरते. त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने ती कमी नव्हे, किंचित जास्तच. मग बुटका नेपोलियन आला कुठून? बराचसा इंग्लंडमधून. जेम्स गिलरे नावाच्या व्यंगचित्रकाराने त्याला आदळआपट करणारा चिमुकला म्हणून रंगवला आणि ते चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

शत्रूंनी त्याला लहान केलं, तसं त्याने स्वतःला मोठंही करून घेतलं. दाविद या चित्रकाराचं प्रसिद्ध चित्र आठवा : आल्प्स पर्वत, उधळलेला घोडा, वाऱ्यावर उडणारा झगा. प्रत्यक्षात १८०० साली तो आल्प्स ओलांडून गेला तो खेचरावर बसून. राज्याभिषेकाच्या चित्रात त्याची आई मानाच्या जागी बसलेली दिसते. ती त्या समारंभाला आलीच नव्हती!

तर चित्रं दोन्हीकडची बाजूला सारू आणि मूळ माणसाकडे जाऊ.

त्याचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ चा, कॉर्सिका बेटावरच्या अजाक्सियो गावातला. तारीख ऐकून आपल्याला आपला स्वातंत्र्यदिन आठवणार. कॉर्सिकाची गोष्ट मात्र नेमकी उलटी होती. पास्काले पाओली या नेत्याने १७५५ पासून तिथे स्वतंत्र प्रजासत्ताक चालवलं होतं. जिनोआने बेटावरचा आपला जुना हक्क १७६८ मध्ये फ्रान्सला देऊन टाकला आणि फ्रेंच फौजा उतरल्या. मे १७६९ मध्ये पाओलीचा पराभव झाला. नेपोलियनचे वडील पाओलीच्या बाजूचे होते, आई तेव्हा गरोदर होती. तीन महिन्यांनी मूल जन्मलं ते फ्रेंच राजाची प्रजा म्हणूनच.

नाव ठेवलं नापोलिओने बुओनापार्ते. भाषा कॉर्सिकन, म्हणजे इटालियनची बहीण. वडिलांनी वाऱ्याची दिशा ओळखली, फ्रेंच सत्तेशी जुळवून घेतलं आणि मुलासाठी राजाची शिष्यवृत्ती मिळवली. फ्रेंच भाषा हा मुलगा शिकला तो नवव्या वर्षानंतर. लष्करी शाळेत त्याच्या उच्चारांची टिंगल व्हायची. ते उच्चार शेवटपर्यंत पूर्ण सुटले नाहीत. सोळाव्या वर्षी तो तोफखान्यात अधिकारी झाला, तेव्हा त्या यादीतला त्याचा क्रमांक होता ५८ जणांत ४२ वा. आपल्या मुलांच्या गुणपत्रिका पाहून कपाळाला हात लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. या तरुणाचा आदर्श कुणी फ्रेंच सेनापती नव्हता, पाओली होता. त्याने कॉर्सिकाचा इतिहास लिहायला घेतला होता, आणि त्यात फ्रेंच हे आक्रमक होते. १७९१ साली लिओंच्या अकादमीने निबंधस्पर्धा ठेवली. विषय असा, की माणसांनी सुखी व्हावं म्हणून त्यांच्या मनात कोणती सत्यं आणि कोणत्या भावना रुजवाव्यात. नेपोलियनने निबंध पाठवला. बक्षीस मिळालं नाही. पण त्या निबंधात त्याने महत्त्वाकांक्षेवर कडाडून टीका केली आहे. सिकंदराला देशोदेशी पळवणारी ती एक बेभान वृत्ती आहे, असा त्याचा रोख आहे. बावीस वर्षांचं पोर सिकंदराला दोष देतंय, आणि ते पोर कोण, तर नेपोलियन! चार वर्षांनी त्याने एक छोटी प्रेमकथाही लिहिली. तिचा नायक युद्धाला कंटाळलेला सैनिक आहे.

मग हा माणूस बदलला कधी? एक वळण स्पष्ट दिसतं. १७९३ मध्ये पाओलीचं क्रांतिकारी फ्रान्सशी बिनसलं. बोनापार्ट मंडळी फ्रान्सच्या बाजूने उभी राहिली आणि त्यांना रातोरात बेट सोडावं लागलं. ज्या मातृभूमीसाठी लिहिलं, तिनेच हाकलून दिलं. १७९६ मध्ये त्याने आडनावही फ्रेंच वळणाचं केलं, ‘बुओनापार्ते’चा ‘बोनापार्ट’ झाला. त्याच वर्षी जोसेफिनशी लग्न केलं. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नाच्या कागदावर त्याने आपलं वय वाढवून सांगितलं, तिने कमी करून, आणि जोडी जवळपास समवयस्क झाली. तिचं घरचं नाव खरं तर रोझ. ‘जोसेफिन’ हे नाव त्याने दिलेलं. माणसांना, जागांना, स्वतःलासुद्धा नवं नाव देण्याची त्याला हौसच होती.

१७९८ मध्ये तो इजिप्तमध्ये उतरला. सोबत दीडशेहून अधिक विद्वान, अभियंते, चित्रकार. रोझेटाचा शिलालेख याच मोहिमेत सापडला. इजिप्तच्या लोकांसाठी त्याने जाहीरनामा काढला, त्याचा आशय असा की मामलुकांच्या जाचातून तुम्हाला सोडवायला मी आलो आहे. ऑक्टोबरमध्ये कैरोने बंड केलं, तेव्हा त्याच मुक्तिदात्याने अल-अझहरवर तोफा डागल्या. जानेवारी १७९९ मध्ये कैरोहून त्याने टिपू सुलतानाला पत्र लिहिलं. इंग्रजांच्या जोखडातून तुमची सुटका करायची इच्छा आहे, असा त्याचा मजकूर. पत्र इंग्रजांच्या हाती पडलं आणि मे महिन्यात श्रीरंगपट्टणला टिपू मारला गेला. आपल्याकडे ही आठवण हळहळीने सांगितली जाते. पण पत्र पोचलं असतं, फौज आली असती, तर काय झालं असतं? उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. कॅरिबियन समुद्रात ते मिळतं.

क्रांतिकारी फ्रान्सने १७९४ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती. २० मे १८०२ च्या कायद्याने नेपोलियनच्या सरकारने, तहात परत मिळालेल्या वसाहतींत ती कायम ठेवली. ग्वादलूपमध्ये तर मुक्त झालेल्या माणसांना पुन्हा गुलाम केलं. सां-दोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, तेव्हा सत्ता होती तूसाँ लूव्हर्त्यूरची. तो स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला. नेपोलियनने आपल्या मेहुण्याच्या हाताखाली मोठी फौज पाठवली. बोलणी करू म्हणून तूसाँला बोलावलं आणि पकडलं. १८०३ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या डोंगरातल्या एका गारठलेल्या किल्ल्यात तो कैदेतच मेला. फौज मात्र पिवळ्या तापाने आणि बंडाने संपली.

आता १८०४ हे एकच वर्ष पाहा. १ जानेवारीला हैती स्वतंत्र झालं. २१ मार्चला नेपोलियनची नागरी संहिता आली. तिने जन्मावर आधारलेले विशेषाधिकार नाकारले, पुरुषांना कायद्यापुढे समान केलं, आणि त्याच दमात बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असंही लिहून ठेवलं. पोर्तुगालच्या १८६७ च्या संहितेवर तिचा प्रभाव आहे, आणि गोव्यातल्या कौटुंबिक कायद्याची मुळं त्या पोर्तुगीज संहितेत आहेत, म्हणजे हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. २ डिसेंबरला त्याने स्वतःच्या हाताने डोक्यावर मुकुट ठेवला. पुढे १५ ऑगस्ट हा आपला जन्मदिवस ‘संत नेपोलियन’चा सण म्हणून साम्राज्यभर साजरा करायला लावला. ज्या उन्हाळ्यात कॉर्सिका हरली, त्याच उन्हाळ्यातला तो दिवस.

शेवट आपल्याला ठाऊक आहे : रशिया, एल्बा, वॉटर्लू, सेंट हेलेना. एल्बाहून परतल्यावर १८१५ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, हे न्यायबुद्धीने सांगायला हवं. आणि सेंट हेलेनावर त्याने कबूल केलं, की सां-दोमिंगची मोहीम चूक होती, तूसाँच्या मार्फत कारभार चालवायला हवा होता. हा पश्चात्ताप नीट पाहा. त्यात हिशेब चुकल्याची खंत आहे. माणसं दुखावल्याची नाही.

५ मे १८२१ रोजी तो गेला. थडग्यावर काय कोरायचं यावरून वाद झाला. फ्रेंच मंडळींना सम्राटासारखं नुसतं ‘नेपोलियन’ हवं होतं. इंग्रज गव्हर्नर म्हणाला, ‘बोनापार्ट’ पाहिजेच. शेवटी शिळा कोरीच राहिली. आयुष्यभर नावं बदलत आलेला माणूस, आणि थडग्यावर नाव नाही. १८४० मध्ये त्याचं शव पॅरिसला नेलं गेलं.

आता सुरुवातीचा प्रश्न. सोसलेलं दुःख माणसाला दोन वाटा दाखवतं. एक वाट म्हणते, हे कुणाच्याच वाट्याला येऊ नये. दुसरी म्हणते, पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये. दोन्ही वाटा सुरुवातीला अगदी एकसारख्या दिसतात, दोन्हींवर स्वातंत्र्याचाच जयघोष असतो. कॉर्सिकाचा मुलगा दुसऱ्या वाटेने गेला, आणि त्याच्या बुद्धीने, कष्टाने, धाडसाने ती वाट फार झपाट्याने कापली. अनुभव नुसता कच्चा माल आहे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं, ते दुःख आपल्यासाठी करत नाही. हे माणसाला लागू आहे तसं राष्ट्रालाही आहे, आणि १५ ऑगस्ट साजरा करणाऱ्या आपल्यालाही आहे.

इथे थांबू.