काचेच्या टाकीतील मासे का मरतात?

शाळेच्या विज्ञानकक्षात किंवा घराच्या दिवाणखान्यात नवी काचेची टाकी मांडली जाते. तळाशी धुतलेली वाळू पसरतात, पाणी भरतात आणि दहाबारा रंगीत मासे आणून सोडतात. पहिले तीनचार दिवस सर्व काही सुरळीत चालते. मग एका सकाळी एक मासा तळाशी निपचित पडलेला आढळतो; दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पाणी आरशासारखे स्वच्छ असते आणि माशांच्या अंगावर जखमेची खूणही नसते. मग टाकी रिकामी केली जाते, वाळू आणि गाळणी नळाखाली घासून धुतली जाते, नवे पाणी भरून नवे मासे आणले जातात. थोड्याच दिवसांत तेही मरतात. दोष विक्रेत्याला दिला जातो, किंवा मासे आपल्या घरी जगत नाहीत, अशी समजूत करून घेतली जाते.

वस्तुतः अशा मृत्यूचे कारण बहुधा माशाच्या शरीरात नसून पाण्यात असते. स्वच्छ दिसणारे पाणी माशाला राहण्याजोगे असतेच असे नाही. टाकी धुऊन काढण्याचा उपाय तर पुष्कळदा पुढच्या मृत्यूंचे कारण ठरतो. असे का होते, ते पाहू.

न दिसणारे विष

माशाच्या अन्नातील प्रथिनांत नत्र असतो. शरीराला नको असलेला नत्र मासा अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात सोडतो. उरलेले अन्न, विष्ठा आणि कुजणारी पाने यांपासूनही अमोनिया निर्माण होतो. तळ्याच्या विस्तीर्ण पाण्यात तो विरून जातो. पन्नास लिटरांच्या टाकीत तो साचत राहतो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे त्याचे रूप फारसे घातक नाही. मुक्त अमोनिया मात्र कल्ल्यांना इजा करतो. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्लता किंवा अल्कता दर्शविणाऱ्या आकड्यावर, तसेच तापमानावर अवलंबून असते. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असता एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो. सामू 8 असता हेच प्रमाण सुमारे 5 टक्के होते. म्हणून तेवढाच अमोनिया एका गावच्या पाण्यात मासे सहन करतात, तर दुसऱ्या गावच्या पाण्यात त्यानेच मरतात.

पितापुत्रांचे संशोधन

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या पात्रात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी पात्रात पाणगोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. हा प्रयोग त्यांनी 1850 मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. वनस्पती प्राणवायू देतात आणि प्राणी कार्बन डायऑक्साइड देतात, म्हणून पात्रात समतोल राहतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. ते खरे होते, परंतु अपुरे होते. माशांनी सोडलेल्या अमोनियाचे पुढे काय होते, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर निराळ्याच दिशेने आले. 1877 मध्ये फ्रान्समधील श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच बदल झाला नाही. नंतर मात्र अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. अर्थात ती सजीवांची क्रिया होती. हे काम दोन टप्प्यांत, दोन निरनिराळ्या प्रकारच्या सूक्ष्मजीवांकडून होते, असे पुढे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे एका संशोधकाने दाखविले. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन असेच होते. सोनमाशांचा प्रयोग करणाऱ्या वॉरिंग्टन यांचा तो पुत्र होय.

टाकीत हेच घडते. जीवाणूंसारखे काही सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट बनवितात आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच असते. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि रक्त तपकिरी होते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य असते. हे सूक्ष्मजीव वाळूच्या कणांवर आणि गाळणीच्या पृष्ठभागावर वाढतात. त्यांची वाढ सावकाश होते; नव्या टाकीत ते पुरेसे होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात नव्या टाकीतील मासे मरतात. गाळणी नळाखाली घासून धुणे म्हणजे हे उपकारक सूक्ष्मजीव नाहीसे करून टाकी पुन्हा पहिल्या दिवसाशी आणून सोडणे होय.

मृत्यूची वेळ काय सांगते?

कारण शोधताना मासे केव्हा आणि कोणत्या क्रमाने मेले, हे प्रथम पाहावे.

टाकी नवी असेल आणि मासे एकामागून एक मरत असतील, तर अमोनिया किंवा नायट्राइटचा संशय घ्यावा. कल्ले तपकिरी दिसणे ही नायट्राइटची खूण आहे.

पाणी बदलल्यावर काही तासांतच मासे मेले, तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन, तापमानातील एकाएकी झालेला फरक किंवा सामूमधील बदल यांचा विचार करावा.

मासे पहाटे मेलेले आढळत असतील, तर प्राणवायूचा तुटवडा संभवतो. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. शिवाय 20 अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. उन्हाळ्यात रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, की दाट वस्तीच्या टाकीत अनर्थ होतो. इतर मासे मेले आणि पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे गुरामी किंवा फायटर मासे तेवढे जगले, तर हा संशय बळावतो.

जुन्या, नीट चाललेल्या टाकीतील सर्व मासे एकाच दिवशी मेले, तर बाहेरून विष आले काय ते पाहावे. डासांवर फवारण्याच्या औषधांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. साबण लागलेले हात किंवा बादली, तसेच ताजा रंग यांचाही विचार करावा.

अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी किंवा झडलेले पर दिसले, तर रोगाची शक्यता धरावी. अशी लक्षणे नसताना औषध घालू नये. पुष्कळ औषधांनी उपयुक्त सूक्ष्मजीवही मरतात.

उपाय

मासे मरू लागताच मृत मासे काढावेत, एकदोन दिवस अन्न बंद ठेवावे आणि हवेचा पुरवठा वाढवावा. निरोगी मोठे मासे तेवढा उपास सहज सोसतात. अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासण्याचे संच मत्स्यसाहित्याच्या दुकानांत मिळतात. शक्य तर पाणी बदलण्यापूर्वीच चाचणी करावी. नंतर चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे, सर्व पाणी एकदम बदलू नये. नवे पाणी टाकीइतक्याच तापमानाचे आणि क्लोरीनरहित असावे. क्लोरीन पाणी उघडे ठेवल्याने एकदोन दिवसांत बहुतांशी निघून जाते. छायाचित्रणात ‘हायपो’ म्हणून ओळखले जाणारे सोडियम थायोसल्फेट ते तत्काळ नाहीसे करते. गाळणी धुवावयाची ती टाकीतून काढलेल्या पाण्यातच.

नव्या टाकीत आरंभी दोनतीनच मासे सोडावेत. निरोगी जुन्या टाकीतील मूठभर वाळू किंवा गाळणीचा तुकडा घातल्यास सूक्ष्मजीवांची वाढ लवकर होते. टाकीजवळ एक वही ठेवून पाणी केव्हा बदलले, नवे मासे केव्हा आणले, चाचणीत काय आढळले आणि कोणता मासा केव्हा मेला, याची नोंद करावी. महिन्याभराने ती पाने चाळणाऱ्या विद्यार्थ्याला पुढील मृत्यूचे कारण बहुधा स्वतःच सांगता येईल, आणि तो मृत्यू टाळताही येईल.