मंठाळची पंचमीची उंडी

उंडी हा शब्द आपल्या शहरातील जुन्या मराठी घरांतून आता फारसा कानी पडत नाही. कणीक मळली, की पोळीसाठी तिचा उंडा घ्यावयाचा, एवढ्यापुरता तो उरला आहे. परंतु बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील गावांतून श्रावण लागला, की हा शब्द घरोघर जागा होतो. तिकडे उंडी म्हणजे लाडू. शेंगदाण्याची उंडी, तिळाची, रव्याची, बेसनाची, फुटाण्याच्या डाळीची, ज्वारीच्या लाह्यांची. जितके डबे तितके प्रकार. आज त्यांपैकी शेंगदाण्याच्या उंडीविषयीच लिहावयाचे आहे. ती घरी कशी करतात हे सांगावे, हा एक हेतू. आणि ती कोणी करावी यावरून एका घरात जो प्रश्न उभा राहिला तोही सांगण्याजोगा आहे.

ते घर माझ्या सासुरवाडीचे, मंठाळ गावातले. मंठाळ बसवकल्याण तालुक्यात येते. जेथे चालुक्यांची राजधानी होती आणि बाराव्या शतकात जेथे बसवेश्वरांभोवती शरण मंडळी जमली, ते जुने कल्याण म्हणजे हे बसवकल्याण. हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली, तेव्हा या एका जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रकडे गेले. आणि बिदर, भालकी, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच होत राहिल्या. त्यामुळे मंठाळात मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बसून बोलतात. शेंगदाण्याला तेथे दोन्ही भाषांतून 'शेंगा'च म्हणतात, आणि उंडीला उंडी.

नागपंचमी हा तिकडे लेकीबाळींचा सण. भाऊ बहिणीला आणावयास जातो, झाडाला झोके बांधतात, आणि माहेरी आलेल्या मुलीच्या हातात पहिल्यांदा उंडीच पडते. पंचमीच्या दिवशी चिरावयाचे नाही, तवा ठेवावयाचा नाही, तळण काढावयाचे नाही, अशी जुनी रीत आपल्याकडेही आहेच. म्हणून गोडाचे जे काय करावयाचे ते आधी चारदोन दिवस करून ठेवावे लागते, आणि श्रावणाच्या दमट हवेत टिकावे लागते. उंडीचा जन्म या दोन गरजांतून झाला असावा.

शेंगदाण्याची उंडी दोन तऱ्हेची. एक पाकातली. अख्खे किंवा अर्धे दाणे गुळाच्या पाकात घालून गरम असतानाच वळावयाचे. दुसरी कुटलेली, तिला पाक नाही आणि पाणीही नाही. मंठाळच्या आमच्या घरची ती ही दुसरी. एक किलो दाण्यांना सहाशे ग्रॅम पिवळा, कोरडा, चिरलेला गूळ, दहाबारा वेलदोडे, चमचाभर सुंठ, एवढेच सामान. दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आंचेवर भाजावयाचे. आच मोठी केली, की साल काळे पडते आणि आतला दाणा कच्चा राहतो. मग उंडी आठ दिवसांत खवट लागते. दाणे पुरते गार झाले, की चोळून सुपात पाखडावयाचे. मग उखळ. आधी नुसते दाणे जाडसर कुटावयाचे, मग गूळ थोडाथोडा घालून पुन्हा कुटावयाचे, तेल सुटेपर्यंत. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. ते सुटले, की तेच गुळाला धरून ठेवते. तुपाचा थेंबही लागत नाही. या मापात चाळीसेक उंड्या होतात, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात दोनतीन आठवडे सहज राहतात.

हे सारे मी कागदावर लिहिले खरे. परंतु ज्यांच्याकडून लिहून घेतले त्या माझ्या सासूबाईंनी यातले एकही माप कधी वापरलेले नाही. किती वेळ कुटावयाचे हे पाहण्यासाठी मी एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जावईबापू, घड्याळात काय बघता? आवाज ऐका की."

मी गाणे शिकवणारा, दरबारी गवयाच्या घरात वाढलेला. कानाची महती मला दुसऱ्याने सांगावी लागते असे नव्हे. तरी स्वयंपाकघरातला कान मी तेथे पहिल्यांदा पाहिला. दाणे भाजत आले, की त्यांची तडतड एकदम दाट होते आणि मग विरळ होऊ लागते. ती विरळ होताच कढई उतरावयाची. कुटताना प्रथम खडखड होते, मग सळसळ. गूळ पडला, की आवाज खाली बसतो. तेल सुटले म्हणजे मुसळ उचलताना चिकटते आणि 'चप्' असा ओला आवाज येतो. तो आला, की थांबावयाचे. पुढे कुटले तर गोळा सैल होतो, आणि आधी थांबले तर उंडी हातात फुटते. पाकाच्या उंडीलाही हाच न्याय. वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकला आणि त्याची मऊ गोळी झाली, तर तो पाक लाडवाचा. उष्णतामापक लावला तर ११५ अंशांच्या आसपास भरेल. तोच थेंब ताटलीवर टाकल्यावर टण् वाजला, तर तो दीडशे अंशांकडे गेलेला, चिक्कीचा.

कुटणे आणि गाणे यांचे नाते या मुलखाला नवे नाही. कल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाने कसे जेवावे याचेही प्रकरण आहे आणि गाण्याबजावण्याचेही. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही गोष्ट त्याच ग्रंथात नोंदलेली आहे. संगीताच्या अभ्यासकांना हा उल्लेख सुपरिचित आहे. मंठाळच्या माजघरात बसून तो आठवला, की जवळजवळ नऊशे वर्षे अंगावर येतात. राजधानी गेली, राजा गेला, आणि त्याने लिहून ठेवलेली ओवी त्याच तालुक्यात उखळापाशी चालू आहे. ओवीला स्वतःचा ताल बांधलेला नसतो. मुसळाचा ठोका तिला चालवतो, आणि ती मुसळाला. श्वास कोठे घ्यावयाचा हे दोघी मिळून ठरवतात.

मात्र सोमेश्वराच्या पंक्तीत शेंगदाणा असणे शक्य नव्हते. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय दर्यावर्दी तेथे पोहोचल्यानंतरच तो समुद्रमार्गे जगभर फिरला आणि आपल्याकडे आला. म्हणजे उंडी जुनी, गूळ जुना, ओवी जुनी. दाणा तेवढा परका. आणि तो येथे इतका मुरला, की सोलापुरात त्याची चटणी झाली, सीमेवरच्या गावांत शेंगांची पोळी झाली, आणि पंचमीची उंडी झाली.

त्याच दाण्याने त्याच्या मूळ खंडाच्या उत्तरेकडे दुसरे रूप घेतले. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली भाजलेले दाणे दळून त्यांचा लगदा करण्याच्या कृतीचे पेटंट मिळवले. त्यातून पुढे शेंगदाण्याचे लोणी, म्हणजे पीनट बटर, घरोघर गेले. पेनसिल्व्हेनिया, ओहायो या प्रांतांत अमिश नावाचा स्विस-जर्मन मुळाचा ख्रिस्ती समाज राहतो. ही मंडळी घरात कंपनीची वीज घेत नाहीत आणि घोडागाडीने हिंडतात. नाताळाच्या सुमारास शेंगदाण्याचे लोणी साखरेत मळून त्याचे गोळे वळावयाचे आणि ते पातळ केलेल्या चॉकलेटात बुडवून वाळवावयाचे, अशी मिठाई त्यांच्या घरांतून होते. लेकीसुना एकत्र जमतात, एक वळते, एक बुडवते, एक कागदावर मांडते. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की हा उद्योग मंठाळच्या माजघरापेक्षा फारसा निराळा नाही. तेल सुटेपर्यंत कुटलेला दाणा म्हणजे शेंगदाण्याचे लोणीच की!

ही हकीकत ऐकून पुण्याहून आलेल्या माझ्या मेहुणीच्या मुलाने पंचमीच्या आधी एक प्रयोग केला. आवळ्याएवढ्या लहान उंड्या वळून त्याने तासभर गार करून घेतल्या. गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरे भांडे ठेवून कडवट चॉकलेटची वडी विरघळवली. त्यात पाण्याचा थेंबही जाऊ द्यावयाचा नाही. गेला तर चॉकलेट आटून खरबरीत होते. काट्याने एकेक उंडी बुडवून त्याने केळीच्या पानावर ठेवली. चॉकलेटातील स्निग्धांश शरीराच्या उष्णतेच्या थोडा खालीच वितळतो, त्यामुळे वैशाखात मंठाळी हा प्रकार टिकावयाचा नाही; श्रावणात टिकला. सासूबाईंनी एक खाऊन पाहिली आणि म्हणाल्या, "वरून कडू आहे, पण आत आपलीच आहे की."

खरा प्रश्न निराळाच होता. काही वर्षांपूर्वी सासूबाईंचा खांदा धरला आणि मुसळ उचलवेना. मुली पुण्याला, सोलापूरला. पंचमीला येणाऱ्या आणि दोन दिवसांत जाणाऱ्या. एकीने मिक्सरमध्ये करून पाहिले. मिक्सरचे पाते तापते, दाण्याचे तेल एकदम सुटते, आणि काही भाग कोरडा तर काही चिकट असा गोळा होतो. शहरातल्या वाचकांना दुसरा उपाय नसेल, तर मिक्सर थांबून थांबून फिरवावा, दाणे रवाळ होताच काढावेत, आणि गूळ घातल्यावर दहा मिनिटे तरी खलबत्त्यात कुटावे. बरी उंडी होते.

मंठाळात मात्र उखळ सुटले नाही. घरची सून कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदकडची, माहेरची भाषा कानडी. तिला पाकातली उंडी ठाऊक होती, कुटलेली नव्हती. तिने मुसळ हाती घेतले. पहिल्या वर्षी सासूबाई शेजारी पाटावर बसून ओव्या म्हणत आणि ती कुटत असे. दुसऱ्या वर्षी दहाबारा ओव्या तिच्या तोंडी आल्या होत्या. तिसऱ्या वर्षी तिने मध्येच आपल्या माहेरचे कुटण्याचे कानडी पद धरले. कानडी मुलखात कुटण्याची आणि दळण्याची पदे आपल्या ओव्यांइतकीच मुबलक आहेत. ठोका चुकला नाही, उंडीही बिघडली नाही. पण माझी धाकटी मेहुणी अस्वस्थ झाली. "शाळेत पोरांना कानडी, बाजारात कानडी. निदान आईच्या उखळापाशी तरी आईची भाषा राहू दे," असे ती म्हणाली, आणि म्हणताना तिचे डोळे भरून आले होते.

तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सीमेवरच्या गावात मराठीला घरच्या माजघरावाचून फारसा आसरा उरत नाही, आणि तेथूनही ती गेली तर मुलींनी माहेरी यावयाचे ते कोणत्या घरी? सून काही बोलली नाही. मुसळ भिंतीला टेकवून उभी राहिली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "भाषा कोणाची ते नंतर बघा. मुसळ कोणाच्या हातात आहे ते आधी बघा."

आमच्या गाण्याच्या व्यवसायात हे नवे नाही. कैराना गावचे अब्दुल करीम खाँ यांची गायकी धारवाडकडच्या कुंदगोळच्या रामभाऊंनी, म्हणजे सवाई गंधर्वांनी, उचलली. त्या कानडी मुलखातील गवयाने मराठी रंगभूमी गाजवली. त्यांचे शिष्य गदगचे भीमसेन जोशी. त्यांच्या तोंडून मराठी अभंग ऐकल्यावाचून आपल्यापैकी कितीजणांची आषाढी गेली आहे? ज्याने समोर बसून घेतले त्याचे घराणे. घेताना तो आपले थोडे त्यात मिसळतो, हेही खरे, आणि घरच्यांना ते टोचते, हेही खरे.

मागल्या पंचमीला आम्ही गेलो तेव्हा धाकटी मेहुणी चार दिवस आधी येऊन राहिली होती. दुसरे मुसळ घेऊन ती भावजयीच्या समोर बसली. एकीचा ठोका पडला, की दुसरीचा उचलावयाचा, अशी कुटणी चालली. मेहुणीने ओव्या म्हटल्या; त्यांतल्या दोन तिला आठवेनात, त्या भावजयीने पुढे सांगितल्या. कानडी पद आले तेव्हा मेहुणी गप्प राहिली, पण हात थांबला नाही. सासूबाई पलीकडच्या खोलीत पलंगावर पडून होत्या. दाणे सळसळू लागल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिले, तोच आतून आवाज आला, "आता गूळ टाका गं."