मधुमेही मांजर घरी आणल्यानंतर

लठ्ठपणा आणि साखर
रक्तातील साखर पेशींत शिरण्यासाठी इन्सुलिन लागते. ते कमी पडले किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की साखर रक्तातच साचते. मांजरांत आढळणारा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप 2 मधुमेहासारखा असतो. चरबी वाढते, पेशींचा प्रतिसाद घटतो आणि स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करत राहते. कालांतराने तेथील बीटा पेशी निकामी होऊ लागतात व त्यांच्या भोवती अ‍ॅमिलॉइड नावाचे प्रथिन साचते. मध्यम वयाचा, नसबंदी झालेला, घरातच राहणारा बोका हा या रोगाचा ठरलेला रुग्ण. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका बेताच्या वजनाच्या मांजरापेक्षा सुमारे चौपट असतो.

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरसारख्या गावात मांजर पाळले जाते ते मुख्यतः धान्यातल्या उंदरांसाठी. असे हिंडते-फिरते मांजर सहसा लठ्ठ होत नाही. नागपूर-हैदराबादकडच्या फ्लॅटमध्ये वाढलेले, मालकाची बदली झाल्याने किंवा त्याच्या आजारपणामुळे नव्या घरी आलेले मांजर मात्र लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही सोबत आणू शकते.

पहिला आठवडा
दत्तक मांजराबरोबर त्याची माहितीही यावी लागते: इन्सुलिनचे नाव, मात्रा, शेवटची सुई कधी दिली, खाणे कोणते, पूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने झाली होती का. स्टेरॉइडमुळेही मांजरांत मधुमेह उद्भवतो. नव्या घरात मांजर कपाटामागे दडून बसते, जेवत नाही. आणि नुसत्या भीतीनेही त्याची रक्तशर्करा बरीच चढते. म्हणून एका तपासणीवरून मात्रा बदलणे धोक्याचे. मागील एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी अशा वेळी अधिक विश्वासार्ह ठरते. जागा बदललेली असताना खाणे व मात्रा त्याच दिवशी बदलू नयेत.

लक्षणे
पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे, भूक असूनही वजन घटणे ही प्रमुख लक्षणे. रक्तशर्करा डेसिलिटरला साधारण 250 ते 290 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही आणि साखर लघवीत उतरते. मांजर लघवी करते त्या जागी मुंग्या लागत असतील, तर तपासणीला ते कारण पुरेसे आहे. रोग जुना असल्यास मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि मांजर टाच जमिनीला टेकवून चालते.

आहार
मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे अमायलेज नसते आणि एकदम आलेली साखर हाताळण्याची यकृताची क्षमताही तोकडी असते. तरीही आपल्याकडे मांजर म्हटले की दूध-भाकरी किंवा दूध-भात पुढे येतो. चार किलोच्या घरबशा मांजराची दिवसभराची गरज सुमारे 200 किलोकॅलरी. 200 मिलिलिटर म्हशीच्या दुधात जवळजवळ तेवढीच ऊर्जा असते. म्हणजे एक पेला दूध हाच त्याचा पूर्ण दिवसाचा आहार झाला. शिवाय अनेक प्रौढ मांजरांना दुधातील लॅक्टोज पचत नाही. दुकानातले कोरडे दाणेही निर्दोष नाहीत. त्यांत पिष्टाचे प्रमाण बरेच असते. मधुमेही मांजराला पिष्ट कमी असलेले ओले खाद्य, उकडलेली कोंबडी, मासळी, अंडे मानवते. मात्र केवळ उकडलेल्या मांसावर मांजर जगवता येत नाही. त्यात कॅल्शियम अपुरे असते आणि टॉरिन हे आवश्यक द्रव्य शिजवण्याच्या पाण्यात उतरून जाते. पूरक द्रव्यांचे प्रमाण पशुवैद्याकडूनच ठरवावे लागते.

उपास घालून वजन उतरवणे हा सर्वांत घातक उपाय. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले की चरबी यकृतात साचते आणि जीव जाऊ शकतो. आठवड्याला शरीराच्या वजनात सुमारे एक टक्का घट योग्य. सहा किलोचे मांजर या गतीने साडेचार किलोवर यायला सहा महिने तरी लागतात.

इन्सुलिन आणि सुईचे गणित
बहुतेक मांजरांना दर 12 तासांनी कातडीखाली इन्सुलिन द्यावे लागते. सुरुवातीची मात्रा बहुधा एक युनिटच्या आसपास असते. भारतात धोका औषधापेक्षा सुईत अधिक आहे. येथील औषधांच्या दुकानात माणसांचे इन्सुलिन मिलिलिटरला 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 युनिटचे ग्लार्जिन इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढले, तर एका रेघेला अडीच युनिट जातात. माणसाला ही चूक कदाचित सोसेल, मांजराला नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असणे ही सगळ्या उपचारातील पहिली अट आहे.

मात्रा आणि वाटी यांचीही जोड आहे. पिष्ट कमी केले की इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते. आहार बदलून जुनीच मात्रा चालू ठेवली, तर साखर धोकादायक पातळीवर उतरते.

साठवण
न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते. आदिलाबादला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यात वीजही जाते. तेवढ्या वेळापुरते ओल्या कापडात गुंडाळलेले मडके उपयोगी पडते. बर्फाच्या कप्प्यात बाटली कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते आणि वितळल्यावर पाहून ते ओळखूही येत नाही.

साखर उतरली तर
60 मिलिग्रॅमच्या खालची साखर ही आणीबाणी. मांजर लडखडते, मलूल पडते, पुढे झटके येतात. हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळणे हा प्रथमोपचार. झटका चालू असताना तोंडात पाणी ओतणे मात्र टाळावे, ते फुप्फुसात जाते. त्यानंतर दवाखाना गाठणे भागच. घरी कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहता येते. माणसांचे यंत्र मांजराच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, हे ध्यानात ठेवावे.

मर्यादा
सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी मुख्यतः बैल, म्हैस, शेळीसाठी बसलेली आहे. त्यात गैर काही नाही, कापसाच्या पट्ट्यात बैल महत्त्वाचाच. पण मांजराच्या मधुमेहासाठी महामार्ग 44 वरून नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागू शकते. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 सालचे आहे. बेक्साग्लिफ्लोझिन ही तोंडावाटे द्यायची मांजरांसाठीची गोळी अमेरिकेत 2022 मध्ये मंजूर झाली, मात्र आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरासाठी ती नाही.

सुरुवातीलाच साखर काबूत आली, तर उरलेल्या बीटा पेशी सावरतात आणि काही मांजरांचे इन्सुलिन पूर्ण सुटते. हा उपशम असतो, मुक्ती नव्हे. म्हणून वजन आणि साखर पुढेही तपासावी लागते. काहींत रोग पुन्हा उलटतो, आणि दुसऱ्यांदा इन्सुलिन सुटणे अधिक कठीण असते.