पायातील धमनीचा आघात : वेळ हेच औषध

सुश्रुताचार्यांनी ऊर्वी व लोहिताक्ष या ऊरुप्रदेशातील सिरामर्मांची गणना वैकल्यकर मर्मांत केली आहे. ऊर्वीच्या वेधाने रक्तक्षय होऊन पाय शुष्क होतो, हे त्यांचे निरीक्षण होय. रक्तस्तंभनासाठी त्यांनी संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले. परंतु स्राव थांबला म्हणजे पाय वाचला, असे नव्हे. धमनी बांधली की तिच्या पुढील अवयवाचे पोषणही खंडित होते.

दुसऱ्या महायुद्धात याचा कटू प्रत्यय आला. डिबेकी व सिमियन यांनी १९४६ साली अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-आघातांचा आढावा प्रसिद्ध केला. धमनी बांधलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा अवयव कापावा लागला. गुडघ्यामागील धमनीच्या आघातात अंगच्छेदाचे प्रमाण ७२ टक्क्यांवर होते. धमनीसीवनाबद्दल अलेक्सिस कॅरल यांना १९१२ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले होते. परंतु रुग्ण शल्यगृहात वेळेवर पोहोचत नसे. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) त्वरित वाहतूक व धमनीसंधान यांमुळे अंगच्छेदाचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले.

या शस्त्रकर्मात धमनीची चिरडलेली टोके काढून टाकतात, आत अडकलेल्या गुठळ्या फुग्याच्या नळीने ओढून काढतात व टोके ताण न देता शिवतात. अंतर अधिक असल्यास रुग्णाच्याच दुसऱ्या पायातील त्वचेखालची लांब सिरा घेऊन उलटी जोडतात, म्हणजे तिच्यातील झडपा प्रवाहास आड येत नाहीत. पोटरी ताठरल्यास तेथील स्नायूंवरील आवरण छेदून दाब मोकळा करावा लागतो.

काही वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडलेला एक तरुण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. गुडघा सुजला होता, जखम नव्हती. इतरत्र लेप व पट्टी झाली होती. पाऊल थंड होते, बोटे बधिर होती, नाडी लागत नव्हती. मी त्याला तत्काळ पुढे पाठविले. तरीही पाय गुडघ्यावरून काढावा लागला. पहिल्या दिवशी कोणी पावलाला हात लावून पाहिले असते तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

आपण नाडीपरीक्षेचे वारसदार आहोत. मात्र ही परीक्षा मनगटाशी संपू नये. मांडी वा गुडघ्याच्या प्रत्येक आघातात पावलाच्या पाठीवरील व आतील घोट्यामागील नाडी दोन्ही पायांत तपासावी. निखळलेला गुडघा आपोआप जागेवर बसला तरी धमनी आतून फाटलेली असू शकते. वाहता स्राव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावा. पाऊल थंड, फिके वा बधिर असल्यास शेक, मर्दन व घट्ट पट्टी वर्ज्य समजावी. रक्तपुरवठा साधारण सहा तासांत पूर्ववत झाला तर पाय वाचण्याची आशा अधिक. म्हणून रक्तवाहिनी-शल्यविशारद असलेल्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा.

औषधालयचालक बंधूंनाही विनंती : अपघातानंतर सुजलेल्या पायासाठी कोणी तेल वा लेप मागितला, तर प्रथम पाऊल गरम आहे का, एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने कुणाचा पाय वाचू शकेल.