सोडवलेल्या जनावराचं पुढे काय?

एकोणिसाव्या शतकातलं पनवेल बैलांच्या जिवावर चालायचं. मुंबईचा माल मचव्यांतून पनवेल बंदरात उतरायचा आणि बैलगाड्यांनी बोरघाट चढून देशावर जायचा. गावाचा मुख्य धंदा गाडीची चाकं बनवण्याचा, अशी जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे. घाटावरून आलेली प्रत्येक गाडी म्हणे इथून चाकांची नवी जोडी नेत असे. आता द्रुतगती मार्ग, गोवा महामार्ग आणि शीव-पनवेल रस्ता पनवेलला येऊन मिळतात. महामार्गावर बैल दिसलाच तर ट्रकच्या हौद्यात, ताडपत्रीखाली. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे मालट्रकमध्ये सहाच्या वर गुरं भरता येत नाहीत. नाक्यावर अडवलेल्या गाडीत दाटीवाटीने कोंबलेली जनावरं सापडतात, 'जनावरांची सुटका' असा मथळा छापून येतो आणि बातमी तिथेच संपते.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पंचनामा झाला की जनावर कायद्याच्या लेखी मुद्देमाल होतं. जप्त केलेली मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं गंजत ठेवता येते. गाईला संध्याकाळीच वैरण लागते. म्हणून तिची रवानगी गोशाळेत किंवा पांजरापोळात होते. २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असेपर्यंतचा पोसण्याचा खर्च आरोपीकडून वसूल करता येतो. पण तारखा पडत राहतात आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत चाऱ्याची उधारी थांबत नाही.

ट्रकमधून उतरलेलं जनावर कसं सांभाळायचं, हे जाणत्या गुराख्याकडूनच शिकावं. उपाशी आहे म्हणून दयेपोटी पुढ्यात पेंडीचं घमेलं ठेवलं, तर पोट फुगून ते रात्रीत मरू शकतं. आधी पाणी, मग थोडा सुका पेंढा, भरड दोन-चार दिवसांनी. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने नव्यांचा गोठा वेगळा ठेवतात. म्हाताऱ्या गाईचे दात झिजलेले असतात. तिला कडबा आख्खा घालून भागत नाही, कुट्टी करावी लागते. आणि जी बसते ती उठत नाही. तिला दर काही तासांनी चौघांनी मिळून कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर अंगाखाली जखमा होऊन किडे पडतात. फोटो काढायला आलेली मंडळी तोवर घरी गेलेली असतात.

हे सगळं पेलायचं तर संस्था लागते, आणि संस्थेला कायमचं उत्पन्न. मुंबईने हा हिशेब १८३४ मध्येच मांडला होता. त्याआधी दोन वर्षं इंग्रज सरकारने भटके कुत्रे मारायचा हुकूम काढला. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरलं आणि पारशी समाज खवळून उठला. जून १८३२ मध्ये मुंबईत दंगा झाला. पुढे जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे मोतीशा, अशा एका पारश्याच्या आणि एका जैनाच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभं राहिलं. दोघेही अफूच्या व्यापारात गब्बर झालेले, हेही सांगायला हवं. पण हिशेबाला पक्के! व्यापाऱ्यांनी मालाच्या व्यवहारावर लागा, म्हणजे ठरावीक वर्गणी, बसवून घेतला. बाजार चालेल तोवर गाय जेवेल, अशी ती सोय. दारात आलेल्याची जातही पांजरापोळाने पाहिली नाही. गाय आली, कुत्रा आला, पाखरंही आली. भुलेश्वरच्या त्या गल्लीत आजही लोक गवताची पेंढी विकत घेऊन गाईपुढे टाकतात.

संस्थेची दुसरी जागा चेंबूरला. ईस्टर्न फ्रीवेने पनवेलकडे निघालेले लोक रोज पांजरापोळ नावाची पाटी ओलांडतात. त्याच भागात १९७१ पासून देवनारचा कत्तलखाना आहे. विनोबा भावे मूळचे पनवेलच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांच्या प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ ला देवनारच्या दारात गोवंशहत्या-बंदीचा सत्याग्रह सुरू झाला. अच्युतभाई देशपांड्यांनी तो सांभाळला. विनोबा त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले, सत्याग्रह मात्र वर्षानुवर्षं चालत राहिला.

राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. बैल आणि वळूंना ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली. सत्याग्रहींची मागणी मान्य झाली, पण बिल आलं शेतकऱ्याच्या नावावर. ओढकाम संपलेला बैल पूर्वी बाजारात जायचा आणि त्या पैशांत नव्या जनावराची भर पडायची. आता गिऱ्हाईक नाही आणि दुष्काळात कडबा परवडत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गाईच्या गोऱ्ह्याला तर जन्मापासूनच काम नसतं. कत्तल थांबवणाऱ्या कायद्याने पोसण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मोकळा सोडला, असं माझं मत आहे. मोतीशांनी तो आधी सोडवला होता.

३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' ठरवलं आणि गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. जर्सीला ते नाहीत. म्हशीला तर कत्तलबंदीही लागू नाही, बकऱ्यालाही नाही. मोठी गाय दिवसाला पाच-सहा किलो सुका आणि पंधरा-वीस किलो ओला चारा सहज संपवते, वर माणसाची मजुरी, डॉक्टर आणि पाणी. एवढं ५० रुपयांत कसं बसवायचं, हे कुठल्याही वैरणवाल्याला विचारून पाहावं.