पाय पायलीने मोजता येत नाहीत



आपल्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम संकोचलो. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण नाही. उभा जन्म भात, तूर, उडीद आणि नागली यांच्या घाऊक व्यापारात गेला. विद्वत्तेचा विषय माझ्या आवाक्यातला नव्हे. परंतु चाळीसाहून अधिक पावसाळे वखारीत काढलेल्या माणसाला चिखलाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार पोहोचतो. यास्तव गमबुटासारख्या अगदी सामान्य वस्तूविषयी अनुभवाचे चार शब्द लिहिण्याचे योजले आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण या वस्तूच्या निवडीत मी केलेल्या चुकीने एका माणसाचा प्राण जाता जाता राहिला, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

सिल्वासाहून खानवेलच्या वाटेला लागले म्हणजे वासोणा गाव लागते. बाहेरचे लोक ते तेथील सिंहांच्या अभयारण्यामुळे ओळखतात. आम्ही ओळखतो ते भाताच्या खाचरांमुळे आणि पावसाळ्यातील राडीमुळे. सह्याद्रीच्या पश्चिम उताराशी वसलेल्या या मुलखात वर्षाकाठी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत कोसळतो. दमणगंगा दुथडी भरते, वाटा बुडतात, वखारीपुढचे अंगण म्हणजे गुडघाभर रेंदा होतो. तरीही ट्रक येतात, पोती उतरवावीच लागतात. वारली, कोकणा, धोडिया समाजातील ज्या कष्टाळू माणसांच्या पाठीवर आमचा व्यापार उभा आहे, ती माणसे या चिखलात पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी वावरली.

२०११ च्या मे महिन्यात मला सुबुद्धी झाली की, आपल्या हमालांना गमबूट घेऊन द्यावेत. हेतू चांगला होता. रीत मात्र व्यापाऱ्याची होती. एका दुकानदाराकडे ९ नंबरचे १२ जोड पडून होते. एकदम उचलले तर भाव बराच उतरत होता. मी सौदा केला, वहीत खर्च टाकला आणि मनोमन पुण्याची एक ओळही टाकली! बारा माणसांना बारा जोड, हिशेब चोख.

तो हिशेब आषाढातच फसला. दोघातिघांनाच ते बूट कसेबसे बसले. बाकीच्यांनी पुढे चिंध्या कोंबून पाहिल्या. पण ५० किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून उतरताना बूट चिखलात रुतून राही आणि पाय तेवढा वर येई. दोनदा माणसे पडता पडता वाचली. हळूहळू सगळे बूट वखारीच्या खुंटीला लटकू लागले. मी ते रोज पाहत होतो आणि ‘या लोकांना सवयच नाही’ असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेत होतो.

श्रावणात आमच्या सर्वांत जुन्या हमालाच्या टाचेला पत्र्याचा तुकडा लागला. त्याने हळद भरली आणि काम चालू ठेवले. दहाएक दिवसांनी त्याला ताप भरला. पावसाळी ताप म्हणून घरच्या घरी गोळ्या झाल्या. पोटऱ्या हात लावू देईनात इतक्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, मग पिवळे झाले, लघवी कमी झाली. तेव्हा आम्ही त्याला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी लेप्टोस्पायरोसिसचे निदान केले आणि मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचे सांगितले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “काम करताना यांच्या पायात काय होते?” माझ्या वहीत बारा जोड होते, पायात काहीही नव्हते. मला उत्तर देता आले नाही.

तीन आठवड्यांनी तो माणूस बरा होऊन घरी आला, ही त्या परमात्म्याची कृपा. मी भेटीस गेलो असता आमचा मुकादम तेथे बसला होता. तो शांतपणे म्हणाला, “शेठ, दाणा पायलीनं मोजता येतो. पाय नाही मोजता येत.” इतक्या वर्षांच्या व्यापारात एवढा खरा हिशेब मला कोणी शिकविला नव्हता.

या रोगाचे मूळ आपल्या व्यवसायाच्या किती जवळ आहे, हे सभासदांनी ध्यानी घ्यावे. उंदीर, घुशी व गुरे यांच्या मूत्रातून याचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरील जखमेतून किंवा पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे पावसाळा तेथे डबकी. म्हणजे आपल्या वखारीचे अंगण हे या रोगाचे माहेरघरच नव्हे काय? १९९० च्या दशकापासून आमच्या शेजारच्या वलसाड, नवसारी, सुरत या भातशेतीच्या जिल्ह्यांत त्याचा उपद्रव होत आला आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर तेथेही या रोगाची साथ पसरली. वेळीच औषध मिळाल्यास रोग बरा होतो. म्हणून पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यास ताप आला की घरगुती उपायांत दिवस न दवडता डॉक्टरांना दाखवावे आणि आपण चिखलात काम करतो हेही सांगावे. दुसरे भय सर्पदंशाचे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. शेतावरील दंश बहुतेक पायालाच होतात. नडगीपर्यंतचा रबरी बूट हे दोन्ही संकटांवरील साधे चिलखत आहे. मात्र ते अंगात घातले तरच!

या बुटाचा इतिहासही आपल्या भूमीशी जोडलेला आहे. इंग्रज लोक त्यास ‘वेलिंग्टन’ म्हणतात. हा वेलिंग्टन म्हणजेच १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील आसई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढणारा आर्थर वेलस्ली. पुढे तो ड्यूक झाला आणि त्याने लंडनच्या चर्मकाराकडून करवून घेतलेल्या नव्या घाटाच्या बुटांना त्याचे नाव पडले. ते बूट चामड्याचे होते. १८४४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट मिळाले आणि १८५३ मध्ये हायरम हचिन्सन याने फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. सरदारांचे पादत्राण शेतकऱ्याच्या पायी आले, ते असे. आपल्या देशात १९२० मध्ये सुरेंद्र मोहन बोस यांनी स्थापन केलेल्या बंगाल वॉटरप्रूफ या स्वदेशी कारखान्याचे ‘डकबॅक’ हे नाव पावसाळी वस्तूंसाठी घरोघरी पोहोचले. आपल्यापैकी पुष्कळ घरांत चामडे वर्ज्य असते; त्यांनाही रबरी अथवा पीव्हीसीचा बूट निःशंकपणे वापरता येतो. आतील तळपट्टी चामड्याची नाही, एवढे विचारून घ्यावे.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट माप. आपल्या बाजारात इंग्रजी नंबर चालतात आणि त्या नंबरांचे मूळ आपल्याच धंद्यातले आहे, हे कळले तेव्हा मला मौज वाटली. दोन लगतच्या नंबरांतील अंतर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, अर्थात इंचाचा तिसरा भाग. आपल्या प्राचीन मापनातही ८ यवांचे १ अंगुळ होतेच. यावरून ६ नंबरच्या पायाला ९ नंबरचा बूट देणे म्हणजे ३ जवांची, पुरत्या एका इंचाची चूक! वजनकाट्यावर रतीभर फरक न खपवून घेणारा मी ही चूक डोळे मिटून केली होती.

पुढल्या वर्षी मृगापूर्वी मी प्रत्येक माणसाला जुन्या वर्तमानपत्रावर उभे करून दोन्ही पायांची आकृती पेन्सिलीने काढून घेतली. नंबर ५ पासून १० पर्यंत निघाले. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा निघाला. बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा. जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाचा चवडा रुंद असतो. त्याला लांबीने बरोबर असलेला बूटही बोटांवर आवळतो. म्हणून रुंद घाटाचा बूट शोधावा. नुसता नंबर वाढवू नये. निवडनिपटणाचे काम करणाऱ्या भगिनींसाठी लहान नंबर दुकानात सहसा नसतात. ते आधी सांगून मागवावेत.

बूट संध्याकाळी घालून पाहावा, कारण दिवसभराच्या श्रमाने पाय थोडा फुगलेला असतो. जे जाड सुती मोजे कामावर घालायचे, तेच घालून पाहावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. चालताना टाच फार उचलली जाऊ नये. चिखलात पाय बुटातून निसटतो तो सैल टाचेमुळेच. पोटरीभोवती एक-दोन बोटे जातील इतपत जागा पुरे; त्याहून सैल असल्यास पाणी व खडे आत जातात. मग उकिडवे बसून पाहावे. बुटाची कड गुडघ्यामागे रुतत असेल तर उंची कमी घ्यावी. शेवटी दुकानाच्या दोन पायऱ्या चढून उतरावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

दुसरी गोष्ट टिकाऊपणा. नैसर्गिक रबराचा बूट मऊ असतो आणि पायाशी जुळवून घेतो. पण ऊन व तेल यांनी तो तडकतो. पीव्हीसीचा बूट साच्यातून एकसंध निघतो, स्वस्त असतो; मात्र तो ताठर असतो आणि वाकतो तेथे कालांतराने भेगाळतो. दोन्हींची परीक्षा एकच : बूट घोट्यापाशी दुमडून सोडावा, तो तात्काळ पूर्ववत व्हावा आणि घडीवर पांढरी रेघ राहू नये. तळव्याच्या खाचा खोल व विरळ असाव्यात, म्हणजे चिखल आपोआप गळून पडतो. बारीक नक्षी चिखलाने भरली की तळवा साबणासारखा घसरतो. पोती वाहणाऱ्यास पुढे पोलादी टोपी आणि तळव्यात खिळा अडविणारी पोलादी पट्टी असलेला बूट उत्तम. भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का पाहावा. औद्योगिक रबरी बुटांसाठी आयएस ५५५७ आणि पीव्हीसी बुटांसाठी आयएस १२२५४ हे क्रमांक आहेत. घरी आणल्यावर बूट तोंड वर धरून तासभर पाण्याच्या बादलीत दाबून ठेवावा. आत ओल आली तर त्याच दिवशी परत करावा.

तिसरी गोष्ट निगा व मर्यादा. काम संपताच चिखल धुऊन बूट सावलीत काठीवर उलटा टांगावा, आत कागदाचे बोळे भरावेत. चुलीजवळ ठेवू नये. सकाळी घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा, कारण विंचवालाही कोरडी जागा आवडते. मोज्यांचे दोन जोड ठेवून दुपारी बदलावेत. घामाने भिजलेल्या पायाला बुटातही चिखल्या होतातच. रबरी बुटाला बारीक छिद्र पडल्यास सायकलवाल्याकडील ठिगळ चालते. बुटाच्या तोंडावरून पाणी जाईल अशा ओढ्यात मात्र कधीही शिरू नये. पाण्याने भरलेला बूट पायातील धोंडा होतो. आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावणीच्या वेळी हा बूट रुतून बसतो, हेही खरे. तेथे जपानमधील शेतकरी पायाला घट्ट बसणारे पातळ, लांब रबरी बूट वापरतात. तसे आपल्याकडे सहज मिळू लागतील तो सुदिन.

बूट पायात असले तरी अंगण स्वच्छ हवेच. सांडलेला दाणा रोज झाडून घ्यावा, बिळे बुजवावीत, पोती फळ्यांवर रचावीत, पाण्याला वाट काढून द्यावी. उंदीर मारण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला आमंत्रण न देणे आपल्या हाती आहे.

सभासद बंधूंनो, आपण घाऊक व्यापारी. पोत्याने घेणे, क्विंटलने देणे, सरासरीने भाव काढणे हा आपला स्वभाव बनतो आणि नकळत माणसांकडेही आपण त्याच नजरेने पाहू लागतो. आमच्या वखारीत आज प्रत्येक खुंटीवर एकेका माणसाचे नाव आणि त्याखाली त्याचा नंबर लिहिलेला आहे. पावसाळ्यात त्या खुंट्या दिवसभर रिकाम्या असतात. सकाळी वखार उघडल्यावर मी प्रथम तिकडे पाहतो; मग वही उघडतो.

येत्या मृगापूर्वी आपणही एक जुने वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन आपल्या माणसांपुढे वाकावे, एवढीच नम्र विनंती. इत्यलम्.