दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतराचे गणित आणि वाऱ्याचे बळ

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांच्या रेखावृत्तांत सुमारे 160 अंशांचा फरक आहे, म्हणजे ती पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना वसलेली आहेत. त्यामुळे त्यांना जोडणारी सर्वांत आखूड वाट पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे न वळता आर्क्टिक प्रदेशावरून जाते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणाऱ्याला हे सहजी पटत नाही. परंतु गोलाच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधले किमान अंतर, त्या ठिकाणांतून जाऊन गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या कंसावर मोजावे लागते. या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात आणि त्यानुसार या दोन विमानतळांमधले अंतर सुमारे 12,400 किलोमीटर भरते.

प्रत्यक्ष उड्डाण मात्र या रेषेला काटेकोरपणे धरून होत नाही. दिल्लीच्या उत्तरेला हिमालय आणि तिबेटचे पठार आहे, आणि केबिनमधला हवेचा दाब घटल्यास विमानाला तातडीने सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, जे तेथे शक्य नसते. ध्रुवीय प्रदेशात संकटसमयी उतरण्याजोगे विमानतळ विरळ असतात. त्यात राजकारणाची भर पडते : एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, आणि पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे लांबली.

या सर्वांहून रंजक घटक म्हणजे वारा. सुमारे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अतिवेगवान हवेच्या अरुंद प्रवाहाला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने अटलांटिकवरून जाणारा आपला नेहमीचा सुमारे 13,900 किलोमीटरचा मार्ग सोडून दिल्लीहून पूर्वेकडे, पॅसिफिकवरून विमान नेले. ते 15,298 किलोमीटर उडाले, म्हणजे सुमारे 1,400 किलोमीटर जास्त. तरीही साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा जवळपास दोन तास आधी पोहोचले. सरासरी वेग ताशी सुमारे 1,055 किलोमीटर पडतो, आणि हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग साधारण 900 असताना उरलेली गती वाऱ्याचीच देणगी म्हणावी लागते. परतीच्या प्रवासात हाच वारा समोरून आला असता; म्हणून तेव्हा विमान अटलांटिकवरून, पुन्हा पूर्वेकडेच उडवणे फायद्याचे ठरत होते. एकाच मार्गावर जाता-येता पृथ्वीप्रदक्षिणा घडावी, हा योग दुर्मीळच.

तिकिटावरील वेळा स्थानिक घड्याळाच्या असल्याने त्यांची सरळ वजाबाकी करू नये. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते; त्यामुळे दिल्लीहून रविवारी पहाटे 4 वाजता निघून साडेचौदा तास उडालेले विमान तेथे त्याच रविवारी सकाळी 6 वाजता उतरते.